हिकरीचं धनुष्य: पाठ घट्ट, पोट जपायचं

हिकरी हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं झाड. अक्रोडाच्या कुळातलं. शॅगबार्क, पिगनट, मॉकरनट या त्याच्या तिथल्या नेहमीच्या जाती, आणि पेकान त्यांचाच भाऊबंद. कुऱ्हाडीचा दांडा, घणाचा दांडा, गाडीच्या चाकाचे आरे, ढोलाच्या काड्या अशा दणके खाणाऱ्या वस्तूंसाठी अमेरिकेत पहिली पसंती हिकरीला. त्या भागातले मूलनिवासीही तिची धनुष्यं करत. मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरी इथलं १६६० सालचं जे धनुष्य हार्वर्डच्या पीबॉडी म्युझियममध्ये जपून ठेवलं आहे, ते हिकरीचं आहे.

भारतात हे लाकूड सहज मिळत नाही आणि मुद्दाम मागवण्यातही फारसा अर्थ नाही. सातपुड्यातला भिल्ल बांबूचं धनुष्य करतो, दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची लावतो, आणि त्या हवेला तेच योग्य आहे. पण अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला लाकडाच्या वखारीत हिकरीची फळी सहज मिळते. पहिलं धनुष्य करायला तिच्याइतकं सोशिक लाकूड नाही.

सोशिक म्हणजे काय ते आधी समजून घ्या, कारण पुढची सगळी मापं त्यातून येतात. धनुष्याची निशाणाकडची बाजू म्हणजे पाठ, तिरंदाजाकडची म्हणजे पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. हिकरी ताणाला विलक्षण चिवट, पण दाबाला त्या मानाने हळवी. त्यामुळे इतर लाकडं जशी पाठीकडून फाटून मोडतात तशी हिकरी सहसा मोडत नाही. तिचं पोट चेपतं आणि दोरी काढल्यावरही धनुष्य वाकलेलंच राहतं. यालाच बाक धरणं म्हणतात. बाक धरलेलं धनुष्य बाण टाकतं, पण मरगळल्यासारखं. लाकूड जितकं ओलसर, तितकं पोट लवकर चेपतं. म्हणून हिकरीच्या कामात अवघड भाग घडवण्याचा नाही, कोरडं करण्याचा आहे.

लाकूड: ओंडका किंवा फळी

ओंडका घेणार असाल तर ६ ते १० इंच व्यासाचा, निदान ६ फूट सरळ, बिनगाठीचा बुंधा पाहा. सालीवरच्या रेषा खोडाभोवती पिळत वर जात असतील तर आतलं लाकूडही पिळलेलं असतं, ते झाड सोडा. तोड मे-जूनमध्ये करावी. तेव्हा झाडात रस चढलेला असतो आणि साल केळीच्या सोपटासारखी सलग सुटून येते. तिच्याखालचा गुळगुळीत पृष्ठभाग हीच धनुष्याची तयार पाठ. तिला पुढे हत्यार लावायचं नाही. हिवाळ्यात तोडलेल्या हिकरीची साल चिकटून बसते, मग बोथट ड्रॉनाइफने, म्हणजे दोन मुठींच्या ओढून चालवायच्या पात्याने, आतली साल तासताना पाठीचे तंतू तुटायची धास्ती. साल तशीच ठेवून लाकूड वाळवू मात्र नका. सालीखाली पोखरकिडा लागतो आणि काही महिन्यांत लाकडाचा भुसा करतो.

ओंडका करवतीने नाही, पाचरींनी फोडायचा. बारीक टोकाकडून सुरुवात करा, लोखंडी पाचर घणाने ठोका, चीर पुढे सरकली की दुसरी पाचर, मग तिसरी. हिकरीचे तंतू दोन फाळक्यांना धरून ठेवतात, ते कुऱ्हाडीने छाटावे लागतात. ८ इंची ओंडक्यातून चार ते सहा फाळकी निघतात. फोडल्याबरोबर, त्याच तासात, दोन्ही टोकांना लाकडाचा सरस किंवा जुना ऑइलपेंट जाड थापा आणि सोललेल्या पाठीला लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या. हे संध्याकाळवर ढकललं तर टोकं उकलतात आणि चिरा आत ४-५ इंच जातात.

फळीचा मार्ग सोपा आणि पहिल्या खेपेला शहाणपणाचा. पाऊण ते १ इंच जाड, २ इंच रुंद, ६ फूट लांब. वखारीत वीस फळ्या बाजूला काढून एकविसावी घ्यावी लागली तरी लाजू नका. रुंद बाजूवरच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेला समांतर जायला हव्यात. मग फळी वळवून अरुंद बाजू पाहा, तिथेही तेच. जिथे रेषा कडेबाहेर निसटते तिथे तंतू तुटलेले असतात. हिकरी थोडं निसटणं पचवते, पण फळीच्या मधल्या निम्म्या लांबीत ते नसलेलं बरं. पांढरट लाकूड आणि तपकिरी गाभा दोन्ही चालतात. गाठ मात्र नको, टाचणीच्या डोक्याएवढीसुद्धा.

वाळवणं

इतर धनुष्यांचं लाकूड ८ ते १० टक्के ओलाव्याला चालून जातं. हिकरीला ६ ते ८ हवेत. लाकूड आजूबाजूच्या हवेशी जुळवून घेतं: हवेत ४० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण साडेसात-आठ टक्के पाणी राहतं, ६५ टक्क्यांना १२, आणि ८० टक्क्यांना १६. ॲरिझोनात हिकरी आपोआप तयार होते. फ्लोरिडात, किंवा आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात, ती कितीही वर्षं माळ्यावर ठेवली तरी तयार होत नाही.

ओलं फाळकं आधी ओबडधोबड आकाराला आणा, भुजा २ इंच रुंद आणि १ इंच जाड. मग ते सरळ वाशाला तीन-चार क्लॅम्पांनी आवळून सावलीत ठेवा, नाहीतर वाळताना पिळतं. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून फाळक्यावरच पेन्सिलीने लिहा. दोन आठवडे वजन हललं नाही म्हणजे ते हवेच्या बरोबरीला आलं. याला दोन-तीन महिने लागतात, अखंड फाळक्याला वर्ष.

त्यानंतर पेटी. प्लायवूडचा किंवा थर्माकोलच्या पत्र्याचा ७ फूट लांब खोका, आत उष्णता देणारे दोन जुन्या पद्धतीचे बल्ब, खाली-वर हवा जायला भोकं, आणि तापमापक. ४० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. लाकूड बल्बपासून फूटभर दूर, थर्माकोलही बल्बला लागू देऊ नका. दहा-पंधरा दिवसांत वजन पुन्हा उतरतं आणि थांबतं. भट्टीत वाळवलेली फळीसुद्धा आठवडाभर या पेटीत घालावी, कारण वखारीत ती परत ओलावा पिते. पूर्ण ओलं फाळकं मात्र थेट पेटीत घालायचं नाही, ते हमखास चिरतं.

मापं आणि आखणी

पुढची मापं २८ इंच ओढ आणि ४० ते ४५ पौंड वजनाच्या चपट्या धनुष्याची आहेत. वजन म्हणजे २८ इंचांपर्यंत दोरी ओढून धरायला लागणारा जोर.

एकूण लांबी ६८ इंच. बरोबर मध्यावर ४ इंचांची मूठ, सव्वा इंच रुंद. मुठीच्या दोन्ही बाजूंना २-२ इंचांचे उतार, जिथे अरुंद जाड मूठ हळूहळू रुंद चपट्या भुजेत मिसळते. हे मधले ८ इंच वाकणार नाहीत. तिथून पुढे भुजा पावणेदोन इंच रुंद, आणि ही रुंदी १५ इंच तशीच ठेवायची. मग सरळ रेषेत निमुळती होत टोकाला अर्धा इंच. सुरुवातीला टोकं पाऊण इंच ठेवा. दोरी मुठीच्या एका बाजूला झुकली तर टोकाची एक कड जास्त घासून ती मध्यावर आणता येते, आधीच बारीक केलं तर ती सोय जाते.

पावणेदोन इंच ही रुंदी हिकरीसाठी मुद्दाम आहे. पोटाला दाब सोसत नाही, तर तो जास्त रुंदीवर पसरवायचा. इंग्लिश युद्धधनुष्यासारखं अरुंद आणि गोल पोटाचं धनुष्य हिकरीत करू नये. पोट सपाटच ठेवा.

फळीवर मध्यरेषा दोरा ताणून आखा. फाळक्यावर मात्र मध्यरेषा तंतूंच्या मागे जाते. ते नागमोडी असतील तर धनुष्यही थोडं नागमोडी होऊ द्या.

फळीची जाडी मुठीला पुरत नाही, म्हणून त्याच लाकडाचा ८ इंच लांब, १ इंच जाड ठोकळा पोटाच्या बाजूने चिकटवायचा. दोन्ही पृष्ठभाग रंध्याने इतके सपाट करा की एकावर एक ठेवल्यावर उजेड दिसता कामा नये. पाण्याला टिकणारा लाकडाचा सरस किंवा इपॉक्सी, चार-पाच क्लॅम्प, आणि पूर्ण २४ तास. मूठ उडण्याचं कारण सरस क्वचितच असतं. उताराच्या टोकाशी लाकूड पातळ राहून तो भाग वाकायला लागतो आणि सांधा उघडतो. म्हणून ठोकळ्याचं टोक जिथे संपतं तिथली भुजा शेवटपर्यंत थोडी जाडच ठेवा.

ओबड घडण

आधी रुंदी, मग जाडी. रेषेबाहेर १ मिमी ठेवून करवतीने कापा, मग मोठ्या दातांच्या कानशीने रेषेपर्यंत या. जाडीसाठी दोन्ही कडांवर पाठीपासून मोजून रेघ मारा: उताराजवळ १६ मिमी, टोकाजवळ १३. पोटाचं लाकूड ड्रॉनाइफने किंवा कुऱ्हाडीने काढता येतं, पण नवख्याने कानसच वापरावी. दोन्ही कडा रेघेपर्यंत उतरवायच्या, मधे उंचवटा राहू द्यायचा आणि तो शेवटी सपाट करायचा. सरळ मधून सुरुवात केली तर एक कड दुसरीपेक्षा पातळ होते आणि भुजा पिळते.

पाठीच्या दोन्ही कडांची धार मोडून २-३ मिमीची गोलाई द्या. पाठीवरून ढलपी उठते ती याच कोपऱ्यातून.

आता धनुष्याचं एक टोक जमिनीवर टेकवा, मूठ धरा आणि पोटावर हात ठेवून दाबा. भुजा जराशी वाकली पाहिजे. दुसरं टोक टेकवून तेच. दोन्ही हाताला सारख्या लागेपर्यंत पोट घासा. मग टोकांपासून पाऊण इंचावर दोन्ही बाजूंना गोल कानशीने तिरक्या खाचा करा, ४ मिमी खोल. खाच पाठीवरून आडवी नेऊ नका.

टिलरिंग

वाकण्याचा आकार नीट करत जाण्याला सगळे टिलरिंगच म्हणतात. दोन दिवस लागतील असं धरून चाला, एका रात्रीत उरकायचं काम नव्हे.

भिंतीला उभा वासा ठोका, वर मूठ बसेल अशी खोबण, खाली कप्पी. दोरीच्या मध्यातून निघालेला दोर कप्पीखालून तुमच्या हातात, मधे वजनकाटा. ८-१० फूट दूर उभं राहून ओढलं की पूर्ण कमान दिसते, आणि काही तुटलं तर तोंडावर येत नाही. तरी डोळ्यांवर चष्मा हवाच. मागे भिंतीवर चौकटी आखल्या तर दोन भुजांतला फरक लगेच कळतो, आणि फोनवर फोटो काढून तो उलटा करून पाहिला तर डोळ्याने सोडलेलंही सापडतं.

नियम तीन. ठरवलेल्या वजनापलीकडे, म्हणजे इथे ४५ पौंडांपलीकडे, कोणत्याही टप्प्यावर ओढायचं नाही, मग भुजा दोन इंचच वाकलेली का असेना. लाकूड काढल्यावर तेवढ्याच ओढीला वीस-तीस वेळा ओढायचं आणि मगच आकार पाहायचा, कारण घासल्याचा परिणाम लाकूड लगेच दाखवत नाही. आणि वाकतंय तिथे हात लावायचा नाही. वाकत नाही तिथेच खरवडायचं.

पहिली दोरी धनुष्यापेक्षा जराशीच लांब, लोंबेल न लोंबेल अशी. टोकं ५-६ इंच खाली येईपर्यंत हिच्यावर काम करा. ताठ जागा शोधायला एक साधं साधन पुरतं: ६ इंच लांब सपाट लाकडी पट्टी, मधे भोक, त्यात पेन्सिल पट्टीच्या सपाटीच्या जेमतेम खाली. धनुष्य ओढलेल्या स्थितीत पोटावरून ती फिरवा. जिथे भुजा वाकत नाही तिथे पेन्सिल रेघ ओढते, जिथे वाकते तिथे लाकडाला लागतच नाही. रेघ उठली तेवढंच घासा. कानशीचे दहा-बारा हात, त्याहून जास्त नाही. भुजेचा ताठरपणा जाडीच्या घनावर जातो: जाडी १० टक्के कमी झाली की ताठरपणा जवळजवळ २७ टक्के उतरतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात कानस बाजूला ठेवून फक्त स्टीलचा स्क्रेपर.

आकार कसा हवा? उतारापासून पुढे सगळी भुजा थोडी थोडी वाकावी, मधे जरा जास्त, आणि शेवटचे ६ इंच जवळजवळ ताठ. एकाच जागी कोपऱ्यासारखं वाकलं तर तो बिजागरीचा दोष. तिथलं लाकूड पातळ झालेलं आहे आणि ते परत चिकटवता येत नाही. त्याच्या दोन्ही बाजू हळूहळू कमी करून बरोबरीला आणायच्या आणि वजन ५-७ पौंड कमी भरेल हे मान्य करायचं.

दर टप्प्यानंतर दोरी उतरवा, धनुष्य लगेच सपाट टेबलावर ठेवा आणि टोकं किती खाली गेलीत ते मोजा. लांब दोरीवर असतानाच ५-६ मिमी बाक दिसला तर लाकूड ओलं आहे. पुढे जाऊ नका. आठवडाभर पेटीत ठेवा. हे मोजमाप न केल्यामुळेच हिकरीची बहुतेक धनुष्यं मरगळतात, आणि मग दोष लाकडाला दिला जातो.

पोट भाजणं

लांब दोरीवर आकार जमला की पोट भाजायचं. उष्णतेने पोट कडक होतं, दाब जास्त सोसतं आणि ओलावाही कमी पितं. हिकरीला याचा जेवढा फायदा होतो तेवढा थोड्याच लाकडांना होत असेल.

वाशावर धनुष्य पोट वर करून क्लॅम्पने आवळा, मुठीखाली १ इंचाचा ठोकळा द्या आणि टोकं खाली वाशाला आवळा म्हणजे भुजा उलट्या दिशेला किंचित वाकलेल्या राहतील. हीट गन पोटापासून ४ इंच. एका जागी चार-पाच मिनिटं, रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा आला की दोन इंच पुढे. एका भुजेला पाऊण ते एक तास लागतो. पाठ हाताला सोसवेल इतकीच गरम हवी. उतारावर, विशेषतः चिकटवलेल्या ठोकळ्याजवळ, गन नेऊ नका, सरस सुटतो. काळं पडलं तर ते लाकूड गेलं, ते खरवडून काढावं लागतं.

भाजल्यावर धनुष्य क्लॅम्पमध्येच गार होऊ द्या आणि तीन दिवस अजिबात वाकवू नका. तेव्हा ते हाडासारखं कोरडं असतं. हवेतला थोडा ओलावा परत घेतल्याशिवाय ओढलं तर हिकरीसुद्धा मोडते.

छोटी दोरी ते पूर्ण ओढ

भाजल्यानंतर वजन वाढलेलं असतं, त्यामुळे लांब दोरीवर एकदा तपासून घ्या. मग आखूड दोरी, मुठीपासून ३ इंच अंतरावर राहील अशी. भुजा सारख्या झाल्या की ६ इंच. आता २० इंचांपर्यंत, मग २४, मग २६. प्रत्येक वेळी काट्यावर ४५ पौंड दिसले की थांबा आणि दोन्ही पोटांवरून सारखे हात फिरवून लाकूड काढा. वाशावरचं काम २७ इंचांवर सोडून द्या. शेवटचा इंच बाण मारताना आपोआप येतो. काटा २-३ पौंड जास्त दाखवत असेल तर ठीक, पॉलिश पेपर आणि पहिले शंभर बाण तेवढं खातात.

दोरी ६ इंचांवर चढवलेली असताना दोन्ही उतारांच्या टोकांपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा. वरच्या भुजेचं ३ ते ५ मिमी जास्त हवं, म्हणजे खालची भुजा किंचित ताठ. बाण मुठीच्या वरून सुटतो आणि खालच्या भुजेवर जास्त भार येतो.

आता टोकं अर्ध्या इंचापर्यंत बारीक करा. टोकाचं वजन बाणाचा वेग सर्वात जास्त खातं.

दोरी, पॉलिश, वापर

दोरीसाठी डॅक्रॉनचा बी-५० धागा, १४ पदर, दोन पेडांत पिळलेला. एक पदर साधारण ५० पौंडांना तुटतो, म्हणजे भरपूर सुरक्षित. न ताणणारे नवे धागे साध्या खाचांत चिरा पाडतात, ते टाळा.

पॉलिश पेपर ८०, १२०, २२०. कानशीचा एकही आडवा ओरखडा पोटावर किंवा पाठीवर राहू देऊ नका. शेवटी काचेच्या बाटलीने पाठ घासून दाबून चकचकीत करा. धनुष्य दोन दिवस पेटीत ठेवून मगच लाखेचा एक हात आणि वर पॉलियुरेथेनचे पाच-सहा हात. याने ओलावा थांबत नाही, हळू होतो. मुठीवर पातळ चामडं.

एकूण बाक १ इंच आला तर काम उत्तम, दीड ते दोन चालून जातो. पोटावर आडव्या केसासारख्या रेघा दिसल्या तर तिथले तंतू चेपले आहेत. त्याच्या शेजारच्या ताठ जागा खरवडून त्या जागेचा भार कमी करा, आणि धनुष्याची ओढ एक-दोन इंच कमीच ठेवा. पाठीवर ढलपी उठली तर तिच्याखाली पातळ झटपट गोंद सोडा, सुती दोऱ्याने घट्ट गुंडाळा आणि गुंडाळी कायम राहू द्या. भुजा बाजूला झुकली असेल तर हीट गनने तेवढाच भाग गरम करून क्लॅम्पमध्ये उलट वाकवून गार करा. वाफ नको, ती एवढ्या कष्टाने काढलेलं पाणी परत आत घालते.

बाण २६ ते २९ ग्रॅमचा घ्या. याहून हलका बाण, किंवा बाणाविना नुसती सोडलेली दोरी, भुजांना मागचा सगळा दणका परत देते. वापर झाला की दोरी उतरवा, धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं टांगा, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. दमट हवेचे दोन महिने आले की नेम धरायच्या आदल्या आठवड्यात ते परत पेटीत घाला. काट्यावरचं वजन आणि बाणाचा वेग दोन्ही परत येतात.